सर्व्हर रोज साडेदहाला पडतोय! रिमोट डेस्कटॉपच्या क्लायंट लायसन्सवर काय इलाज?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी एकटा बघतो. मुख्य कार्यालयात विंडोज सर्व्हर २०१९ आहे आणि सगळ्या शाखा रिमोट डेस्कटॉपने (सर्व्हरची स्क्रीन लांबून आपल्या मशीनवर उघडून) त्यावर काम करतात. २८ थिन क्लायंट (सर्व्हरला जोडण्यापुरती छोटी मशीन) आणि ११ पीसी, म्हणजे ३९ मशीन. सर्व्हरला जोडायला लागणारी क्लायंट लायसन्स ५० घेतलेली आहेत, पर-डिव्हाइस, म्हणजे माणसागणिक नाही, मशीनगणिक. डोमेन (सगळ्या मशीन आणि लॉगिनचं एकत्र नियंत्रण) आहे, लायसन्स सर्व्हर (ही लायसन्स वाटणारी सेवा) त्याच मशीनवर आहे.

गेल्या दोन आठवड्यांपासून सकाळी साडेदहाच्या सुमाराला सर्व्हर पडतो. सगळ्या शाखांची सेशन एकदम जातात. रोखपालाने अर्धं भरलेलं व्हाउचर जातं, पिग्मी एजंट पुस्तकं घेऊन ताटकळत बसतात. सर्व्हर वर आला तरी काही मशीनवर 'या कॉम्प्युटरसाठी क्लायंट ॲक्सेस लायसन्स उपलब्ध नाही' असा संदेश येतो. ती सगळी विटा शाखेतली. लायसन्सवाल्या पुरवठादाराचं म्हणणं, क्लायंटची लायसन्स खराब झाल्यामुळे सर्व्हर क्रॅश होतोय, अजून २५ घ्या. सोमवारी संचालक मंडळाची बैठक आहे. सभासदांचा पैसा आहे, उगाच खर्च नको वाटतो. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

बिनतारी
सोपं आहे. ज्या मशीनवर अडतंय तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\एमएसलायसेन्सिंग ही अख्खी की (नोंदींचा कप्पा) उडवा. मग रिमोट डेस्कटॉप राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' चालवा. पाच मिनिटांचं काम.

गोदाकाठी
बिनतारीशी सहमत, फक्त ॲडमिनिस्ट्रेटरचा भाग विसरू नका. साध्या युजरला ती की परत तयार करता येत नाही. मग 'लायसेन्सिंग प्रोटोकॉलमध्ये चूक' असा दुसराच संदेश येतो आणि माणूस म्हणतो, मघाशी बरं होतं. एकदा ॲडमिनने उघडलं की पुढे रोखपालाच्या लॉगिनने चालतं. आणि उडवण्याआधी की एक्स्पोर्ट करून ठेवा.

कृष्णाकाठ
धन्यवाद. हे मी केलं आहे. विट्याच्या सहाही पीसींवर. तीन महिन्यांपूर्वी हाच संदेश आला होता तेव्हा हेच केलं आणि लगेच चाललं. आता परत आलंय.

पोरगा_नवा
मी नुकताच कामाला लागलोय. हे लायसन्स नक्की राहतं कुठे? क्लायंटवर की सर्व्हरवर?

जुना_पॅचकॉर्ड
बाळा, दोन्हीकडे. लायसन्स सर्व्हरवर डेटाबेस असतो, विंडोजच्या सिस्टम-३२ मध्ये एलसर्व्हर नावाच्या फोल्डरात टीएलएसलिक.ईडीबी ही फाइल. पर-डिव्हाइस असेल तर क्लायंटलाही एक डिजिटल प्रमाणपत्र मिळतं, ते एमएसलायसेन्सिंगच्या खाली 'स्टोअर'मध्ये बसतं. शेजारी 'हार्डवेअर-आयडी' नावाची दुसरी की. तीच मशीनची ओळख. पुढच्या वेळी मशीन आलं की सर्व्हर ते प्रमाणपत्र बघतो आणि आत सोडतो. रेशनकार्ड घरात आणि नोंद पुरवठा कार्यालयात, तसं समज.

पहिल्यांदा येणाऱ्या मशीनला कायमचं लायसन्स मिळत नाही. तात्पुरतं मिळतं, ९० दिवसांचं. त्याच मशीनवरून कुणी पासवर्ड टाकून आत गेला आणि नंतर पुन्हा जोडणी केली, की मग कायमचं. 'कायमचं' म्हणतात पण तेही ५२ ते ८९ दिवसांच्या मुदतीचं असतं. प्रत्येकाची मुदत वेगळी, सर्व्हर ती आपल्या मनाने ठरवतो. मशीन रोज वापरात असेल तर संपायच्या सात दिवस आधीपासून आपोआप नवं होतं. मशीन भंगारात गेलं तर मुदत संपून लायसन्स परत साठ्यात येतं.

पोरगा_नवा
काका, इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. आभार.

शून्य_एक
सर्व्हरवर एचकेएलएम\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\टर्मिनल सर्व्हर\आरसीएम\ग्रेसपीरियड ही की काढून टाका आणि रिस्टार्ट करा. परत १२० दिवस मोकळे. आमच्याकडे टास्क शेड्युलरमध्ये लावून ठेवलंय, लायसन्सची भानगडच नाही.

रुद्राक्षी
शून्य_एक, हे इथे लिहू नका, कृपया. रोल (सर्व्हरवरची रिमोट डेस्कटॉपची सोय) बसवल्यापासूनचे १२० दिवस, म्हणजे ग्रेस पीरियड, लायसन्स विकत घेऊन बसवायला दिलेले असतात. दर वेळी की काढून ते पुढे ढकलणं म्हणजे न घेतलेल्या लायसन्सवर काम करणं. पतसंस्थेचं ऑडिट होतं, तिथे हे सापडलं तर जबाब या माणसाला द्यावा लागेल.

ती की काढायची एक रास्त वेळ असते. लायसन्स घेतली, सर्व्हरला लायसन्स सर्व्हरचं नाव सांगितलं, मोड ठरवला, तरी इव्हेंट ११२८ (सर्व्हरच्या लॉगमधली नोंद) येत राहतो की ग्रेस पीरियड संपलाय आणि लायसन्स सर्व्हर सापडलेला नाही. नेमणूक बरोबर असूनही जुनी की चिकटून बसते. तेव्हा बॅकअप घेऊन, मालकी आपल्याकडे घेऊन ती काढतात. पण कृष्णाकाठ यांची लायसन्स घेतलेली आहेत आणि बाकी मशीन चालू आहेत. हा तो प्रकार नाही.

शून्य_एक
बरोबर आहे. आमच्या साहेबांना मीही हे सांगितलं होतं, ऐकलं नाही. पुन्हा मांडून बघतो.

गोदाकाठी
मोड तपासला का? आमच्या इकडे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सर्व्हर २०१९ होता, डोमेन नव्हतं, नुसता वर्कग्रुप, आणि लायसन्स पर-युजर घेतलेली. बरोबर तासाभराने प्रत्येकाचं सेशन तुटायचं. २०१९ पासून वर्कग्रुपवर पर-युजर चालत नाही, ६० मिनिटांत तोडतो असा इशाराही येतो. तंत्रज्ञ ताईंनी रिपोर्ट अर्धा टाइप केला की गेला. त्यांनी शेवटी ओट्यावर स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून ठेवलं आणि पन्नास मिनिटं झाली की सेव्ह करून स्वतःच बाहेर पडायच्या! पर-डिव्हाइस केल्यावर थांबलं.

मडगावकर
आणि आवृत्ती. २०१९ ची लायसन्स २०१९ ला आणि त्याआधीच्या सर्व्हरला चालतात, २०२२ ला नाही. मडगावच्या एका हॉटेलात सर्व्हर २०२२ वर नेला आणि लायसन्स २०१९ चीच ठेवली. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं, म्हणून कुणाला संशय आला नाही. मोडलं ते ऐन डिसेंबरात, रिसेप्शनवर पर्यटकांची रांग असताना.

कृष्णाकाठ
मोड पर-डिव्हाइसच आहे, सर्व्हर आणि लायसन्स दोन्ही २०१९. लायसेन्सिंग डायग्नोसर (सर्व्हरवरचं तपासणीचं साधन) काहीच चूक दाखवत नाही. '० समस्या' म्हणतो. म्हणून तर डोकं चालेनासं झालंय.

आखातातून
मस्कतहून. जुलै २०२४ चे पॅच टाकलेत का? लायसेन्सिंग सर्व्हिसमध्ये त्या महिन्यात फार मोठं भगदाड बुजवलं होतं, सीव्हीई-२०२४-३८०७७. लॉगिन न करता बाहेरून सर्व्हर ताब्यात घेता येईल असं. गांभीर्य १० पैकी ९.८. लायसेन्सिंगचा रोल ज्या मशीनवर आहे तिथे हा पॅच नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो टाका.

पण त्याच महिन्याच्या अपडेटने रिमोट डेस्कटॉप गेटवे (बाहेरून येणाऱ्या जोडण्यांचं दार) खरोखर पडत होता. जुनी आरपीसी-ओव्हर-एचटीटीपी पद्धत वापरात असली की गेटवेची सर्व्हिस ०एक्ससी०००००००५ कोड देऊन मरायची, साधारण दर अर्ध्या तासाने, आणि सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागायचं. मायक्रोसॉफ्टने स्वतः ते मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली. तुमच्याकडे गेटवे आहे का?

कृष्णाकाठ
गेटवे नाही, शाखा व्हीपीएनने (खासगी जोडणीने) येतात. पॅच दर महिन्याला टाकतो, चालू महिन्यापर्यंतचे आहेत.

जुना_पॅचकॉर्ड
लायसेन्सिंग आणि सुरक्षेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१२ मध्ये फ्लेम नावाचा व्हायरस सापडला, मुख्यतः इराण आणि आसपासच्या देशांत. तो मायक्रोसॉफ्टच्या सहीने फिरत होता. ती सही आली कुठून? टर्मिनल सर्व्हर (रिमोट डेस्कटॉप सेवेचं जुनं नाव) लायसेन्सिंगची जी प्रमाणपत्रं होती, त्यांच्या साखळीतून. एमडी-५ या डिजिटल सहीतल्या जुन्या गणिती पद्धतीची कमजोरी वापरून त्यांनी तिथून कोड साइन करणारं प्रमाणपत्र बनवलं. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घाईने तीन प्रमाणपत्रं रद्द केली. ज्या लायसन्सच्या पूर्ततेकडे आपण कटकट म्हणून बघतो, तिथून तेव्हाचा एक अतिशय गुंतागुंतीचा व्हायरस आत शिरला. तेव्हापासून मी लायसन्स सर्व्हर कधी उघड्यावर ठेवला नाही.

पोरगा_नवा
बाप रे. हे कॉलेजात एका ओळीतही नव्हतं.

मडगावकर
काका, तुम्ही हे काम कधीपासून करताय?

जुना_पॅचकॉर्ड
विंडोज एनटी ४ ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ मध्ये आली, तेव्हापासून. विंडोज २००० च्या काळात सुख होतं, २००० प्रोफेशनल किंवा एक्सपी प्रोफेशनलवरून आलात तर टर्मिनल लायसन्स वेगळं लागायचंच नाही. सर्व्हर २००३ आला आणि ती सवलत गेली. २४ एप्रिल २००३ ला ज्यांच्याकडे एक्सपी प्रोफेशनल होतं त्यांना बदली लायसन्स मिळायची. मी इचलकरंजीत एका सूतगिरणीत त्या कागदांची फाइल करत बसलो होतो.

रुद्राक्षी
काकांच्या आठवणी ऐकत बसावं असं वाटतं, पण सोमवार जवळ आलाय. कृष्णाकाठ, मला तीन गोष्टी सांगा.

एक, सिस्टम लॉगमध्ये साडेदहाला नेमका कोणता इव्हेंट आहे? सर्व्हर स्वतःहून पडला असेल तर ४१ आणि ६००८ दिसतील. १०७४ असेल तर कुणीतरी रिस्टार्ट दिलाय, आणि कोणत्या लॉगिनने ते तिथेच लिहिलेलं असतं.

दोन, अडलेल्या पीसीच्या वेळेला सर्व्हरवर १००४ येतो की १०११? १००४ म्हणजे क्लायंटचं लायसन्स जुळत नाही किंवा आतली काही चूक. १०११ म्हणजे तात्पुरत्या लायसन्सची मुदत संपली. यावर सगळं वेगळं होतं.

तीन, लायसेन्सिंग मॅनेजर उघडा. डायग्नोसर नाही, मॅनेजर. ५० पैकी किती दिली आहेत आणि कोणाच्या नावावर? नावं वाचा. एकेक.

तोवर कुठलीही की उडवू नका, आणि सर्व्हर रिस्टार्ट करू नका. तुम्हाला स्वतःला आत जाता येत नसेल तर एमएसटीएससी /ॲडमिन (रिमोट डेस्कटॉप उघडायची आज्ञा) वापरा, त्याला लायसन्स लागत नाही. ते दोनच सेशनचं, फक्त देखभालीसाठी आहे. रोखपालांना देऊ नका.

बिनतारी
रुद्राक्षीताई, पण आत्ता काउंटर चालू व्हायला हवा ना. की उडवली की चालतंय. कारण नंतर शोधता येईल.

रुद्राक्षी
बिनतारीदादा, त्यांनी तीन महिन्यांपूर्वी उडवली आणि आता परत आलं. तीन महिने म्हणजे ९० दिवस. की उडवली, हार्डवेअर-आयडीही गेला, सर्व्हरला वाटलं नवं मशीन आलं आणि त्याने नवं तात्पुरतं लायसन्स दिलं. दुरुस्ती झालीच नाही, मुदत तेवढी मिळाली. ५० लायसन्स आणि ३९ मशीन असताना त्या सहा पीसींना कायमचं लायसन्स का मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे.

बिनतारी
हं. हे पटलं. मी आजवर उडवत आलोय आणि दर तिमाहीला परत जात आलोय. मला वाटायचं त्या मशीनच तशा आहेत.

कृष्णाकाठ
ताई, सगळं बघितलं. हात थरथरतायत म्हणून सावकाश लिहितो.

एक. साडेदहाला ४१ नाही, ६००८ नाही. १०७४ आहे. तेरा दिवसांत अकरा वेळा. लॉगिन मुख्य कार्यालयाचं सामाईक ॲडमिन. विचारपूस केली. विट्याहून 'लायसन्स नाही म्हणतंय' असा फोन आला की आमचे वरिष्ठ लिपिक सर्व्हर रिस्टार्ट करत होते. पुरवठादाराच्या माणसाने त्यांना फोनवर तसं सांगितलं होतं. शाखा सव्वादहाला उघडते, त्यामुळे साडेदहा. मी सकाळी शाखांच्या फेरीवर असतो, मला प्रत्येक वेळी 'सर्व्हर पडला' एवढाच निरोप यायचा.

मी त्यांना विचारलं, रिस्टार्टने फरक पडायचा का? म्हणाले, हो, फोन थांबायचे. मग विट्याच्या रोखपालांना विचारलं. ते म्हणाले, साहेब, सगळं बंद झाल्यावर मी माझा पीसी सोडून शेजारच्या थिन क्लायंटवर बसायचो, तिथे चालायचं. म्हणून फोन थांबत होते!

दोन. १०११. सहाही पीसींना.

तीन. मॅनेजरमध्ये ५० पैकी ५० दिलेली. उपलब्ध शून्य. त्यातली पाच मुख्य कार्यालयाच्या जुन्या पीसींची, ती बरोबर आहेत. उरलेली ४५ सगळी थिन क्लायंटच्या नावावर. पण थिन क्लायंट तर २८ आहेत! तासगावचं टर्मिनल-२ हे एकच नाव चार वेळा आहे. पलूसचं टर्मिनल-१ पाच वेळा. आणि तात्पुरत्या लायसन्सच्या यादीत १,९८७ नोंदी. स्क्रोल करता करता बोट दुखलं.

गोदाकाठी
१,९८७!! २८ मशीन गुणिले ७१ दिवस म्हणजे १,९८८. तीन महिन्यांतले कामाचे दिवस साधारण तेवढेच. प्रत्येक मशीन रोज नवं लायसन्स घेतंय की काय?

रुद्राक्षी
गोदाकाठी, अगदी तेच होतंय. कृष्णाकाठ, थिन क्लायंटवर विंडोज १० आयओटी आहे का? आणि राइट फिल्टर चालू आहे का?

कृष्णाकाठ
हो, आयओटी एंटरप्राइज. फिल्टर गेल्या वर्षी चालू केला. एका शाखेत पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला होता. बंद करून चालू केलं की मशीन पहिल्यासारखं कोरं, म्हणून सगळ्यांवर लावला.

अरे देवा. लायसन्सही कोरं होतंय.

रुद्राक्षी
होय. फिल्टर चालू असताना रजिस्ट्रीत लिहिलेलं सगळं मेमरीत राहतं आणि मशीन बंद झालं की पुसलं जातं. सकाळी चालू केलं की ना लायसन्स, ना हार्डवेअर-आयडी. नवा आयडी तयार होतो, सर्व्हरला नवं मशीन दिसतं, तो ९० दिवसांचं तात्पुरतं देतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर रोखपाल पुन्हा जोडला की साठ्यात असेल तर कायमचं. संध्याकाळी मशीन बंद. ते कायमचं लायसन्स आता कुणाचंच नाही, पण सर्व्हरच्या वहीत दोन-तीन महिने त्या नावावर अडकून पडतं. असं करत साठा रिकामा झाला.

थिन क्लायंटना स्वतःला काहीच त्रास नाही, कारण ते रोज नवे आणि रोज नवं तात्पुरतं मिळतं. अडकले ते विट्याचे सहा पीसी, ज्यांनी आपलं तात्पुरतं लायसन्स प्रामाणिकपणे जपून ठेवलं. त्याचे ९० दिवस संपले आणि कायमचं द्यायला सर्व्हरकडे एकही उरलं नव्हतं. जिथे दुखतंय तिथे तुम्ही औषध लावत होतात, आणि दुखणं दुसऱ्या शाखेत होतं.

पोरगा_नवा
मी हे दोनदा वाचलं. अंगावर काटा आला.

मडगावकर
म्हणजे क्लायंट लायसन्स 'खराब' नव्हतीच. आणि सर्व्हर पडलाही नव्हता, पाडला जात होता.

कृष्णाकाठ
मग फिल्टर बंद करू का? व्हायरसची भीती वाटते.

जुना_पॅचकॉर्ड
बंद नको. फिल्टरमध्ये याचसाठी एक सोय दिलेली आहे, युनिफाइड राइट फिल्टरच्या रजिस्ट्री भागात 'पर्सिस्ट-टीएस-कॅल' नावाची. मुळात ती बंद असते. डब्ल्यूएमआयमधून (विंडोजची आतली सेटिंग बदलायची सोय) ती चालू केली की टर्मिनल सर्व्हरचं लायसन्स तेवढं रिस्टार्टनंतर टिकतं, बाकी सगळं कोरं होत राहतं. पुढच्या बूटपासून लागू होतं. एका मशीनवर करून बघा: जोडणी करा, हार्डवेअर-आयडीचा फोटो काढा, मशीन बंद-चालू करा, फोटोशी ताडून बघा. जुळला की बाकीच्यांवर.

रुद्राक्षी
काका, सुरेख. आता क्रम नीट ऐका, कारण क्रम चुकला तर मोकळी झालेली लायसन्स थिन क्लायंट पुन्हा खाऊन टाकतील.

आधी सगळ्या २८ थिन क्लायंटवर ती सोय चालू. एकही सुटता कामा नये. त्यानंतरच मॅनेजरमधून भुतांची, म्हणजे आता अस्तित्वातच नसलेल्या मशीनच्या नावावरची, लायसन्स मागे घ्यायची. पर-डिव्हाइसमध्ये एका वेळी त्या आवृत्तीच्या २० टक्केच परत घेता येतात, म्हणजे तुमच्या ५० पैकी १०. हे रविवारी करा. मग विट्याच्या सहा पीसींवर एमएसलायसेन्सिंग शेवटचं उडवा, ॲडमिनने उघडा, लॉगिन करून बाहेर या, परत लॉगिन करा. सहा कायमची लागली. चार उरतील ती थिन क्लायंटपैकी जे आधी येतील ते घेतील. उरलेले २४ तात्पुरत्यावर चालतील.

आणि आता गंमत बघा. तात्पुरतं ९० दिवस चालतं. भुताच्या नावावरचं जास्तीत जास्त ८९ दिवस अडकतं. म्हणजे कुणाचंही तात्पुरतं संपायच्या आत साठा मोकळा झालेला असेल. नवीन एकही लायसन्स घ्यायची गरज नाही.

आखातातून
८९ आणि ९०! एका दिवसाच्या फरकाने सुटका. ताई, इथून सलाम.

बिनतारी
आणि तो सामाईक ॲडमिनचा पासवर्ड बदला. आजच.

कृष्णाकाठ
बदलला. लिपिक काकांना आधी समजावून सांगितलं, त्यांना फार वाईट वाटलं. ते मदत म्हणूनच करत होते. आता त्यांना फोन आला की ते मशीनचं नाव आणि संदेश वहीत लिहून मला कळवणार आहेत.

(चार दिवसांनी)

कृष्णाकाठ
रविवारी सकाळी सहाला निघालो. तासगाव, पलूस, विटा स्वतः केलं, बाकी शाखांतली मशीन लांबून. पलूसच्या एका थिन क्लायंटवर सेटिंग बसेना. बघितलं तर त्याचा फिल्टर अर्धवट बंद होता, दोनदा बूट केल्यावर बसलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाच्या हार्डवेअर-आयडीचा फोटो काढला, बंद-चालू केल्यावर ताडून बघितला. २८ पैकी २८ जुळले. संध्याकाळी दहा लायसन्स मागे घेतली. अकरावं घ्यायला गेलो तर मॅनेजरने नकार दिला आणि पुढची तारीख दाखवली.

सोमवारी साडेदहाला मी मुद्दाम सर्व्हरच्या खोलीत बसलो होतो. पावणेअकरा वाजले. लिपिक काका चहा घेऊन आले, म्हणाले, आज फोनच नाही. बैठकीत २५ लायसन्सचा विषय मागे घेतला.

गोदाकाठी
वा! आता अजून एक करा. एलसर्व्हर फोल्डरचा बॅकअप दर आठवड्याला. डेटाबेस बिघडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मुंबई_लोकल
उशिरा आलो. माझाही सर्व्हर असाच पडतोय, पण माझ्याकडे लायसन्स सर्व्हर नाही. विंडोज १० प्रोवरच एकाच वेळी चार जण बसतात. एकाने काहीतरी 'रॅपर' टाकून दिलं होतं. दर अपडेटनंतर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिस चालूच होत नाही.

रुद्राक्षी
ते वेगळं दुखणं आहे. विंडोज १० प्रो एका वेळी एकालाच सेशन देतं. तो रॅपर टर्मसर्व्ह.डीएलएल या फाइलच्या नेमक्या आवृत्तीवर बेतलेला असतो. अपडेटने ती फाइल बदलली की त्याचा ताळमेळ सुटतो आणि सर्व्हिस कोसळते. लोक मग अपडेटच बंद करतात आणि मशीन उघडं पडतं. ते काढा. चार माणसांसाठी साधा सर्व्हर आणि चार लायसन्स घ्या, किंवा चौघांना आपापल्या पीसीवर काम करू द्या. वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

(अकरा आठवड्यांनी)

पोरगा_नवा
कृष्णाकाठदादा, पुढे काय झालं? भुतं गेली का?

कृष्णाकाठ
रोज सकाळी मॅनेजर उघडून आकडा वहीत लिहितोय. पहिले सात आठवडे काहीच हललं नाही, मनात धाकधूक होती. आठव्या आठवड्यात पहिलं सुटलं, मग एकेक, दोन-दोन करत. काल शेवटच्या थिन क्लायंटलाही कायमचं मिळालं, तासगावचं टर्मिनल-२, तेच ज्याचं नाव चार वेळा होतं. आज यादीत ते एकदाच आहे. दिलेली ३९, उपलब्ध ११.

पुढच्या महिन्यात कडेगावला नवी शाखा उघडतेय, आठ थिन क्लायंट. मूळ इमेज (सगळ्या मशीनवर कॉपी करायचा नमुना) बनवताना एमएसलायसेन्सिंग काढूनच कॉपी करायची ना, काका?

जुना_पॅचकॉर्ड
हो. काढून. नाहीतर आठही मशीन एकाच हार्डवेअर-आयडीने येतील. आणि कॉपी करायच्या आधी इमेजमध्ये पर्सिस्ट-टीएस-कॅल चालू आहे ना, तेही बघून घे.